वीस नंबरचं सूत

रात्रपाळी सुटते सातला.
कानात माग तसेच चालू.
विडी घरकुलातल्या दारात लास्या,
चड्डी नाही, हातात माझी स्लिपर, अर्धी तोंडात.
श्रीलता पिना दातात धरून सांगते:
"नऊला भात, वरण पातळ.
शेंगाचटणी दाखवूसुद्धा नका,
काल बोट बुडवलं तर अर्धा तास गल्ली डोक्यावर.
आणि झोपू नका."

तिला दिवसाला दोनशे कॉलर.
जूनच्या आत सगळ्या गावांची पोरं
युनिफॉर्म घालून शाळेत जायची असतात.
आपली अजून उंबऱ्यापर्यंत गेलेली नाही.

झोपू नका म्हणणं सोपं.
मे महिना, पत्रा, अकराचं ऊन,
फरशीवर पाणी मारून आडवं झालं
की डोळ्यांचं शटर आपोआप खाली.
आई शेजारच्या खोलीत विड्या वळते,
तंबाखूच्या धुळीत पोरगी नको म्हणते.
म्हणून मी काढलेली युक्ती:
खात्यातनं आणलेलं वीस नंबरचं सूत, चार पदरी,
एक टोक तिच्या पैंजणाला,
एक माझ्या पायाच्या अंगठ्याला.
मधे सहा हात. भिंतीला पुरतं, गॅसला पुरत नाही.
ती रांगत लांब गेली की अंगठा ओढतो,
मी झोपेतच म्हणतो, ये इकडं.
बारा वर्षं हेच तर करतोय.
धागा तुटला की माग थांबतो,
उठायचं, टोकं शोधायची,
थुंकी लावून पीळ द्यायचा.

चौथ्या दिवशी उजनीचं पाणी.
त्या दिवशी सुताला सुट्टी.
बॅरल, घागरी, कुकर, तिचा टब, सगळं भरायचं.
ती बादलीला धरून उभी राहते,
पाण्यावर थाप मारते, म्हणते, "नी."
आई म्हणाली, ऐकलंस? नीळ्ळु म्हणतेय, आपल्या वळणावर गेली.
नीलव्वा म्हणाल्या, छे, नीरु. कन्नडच आहे ते.
रिक्षावाला भारत शिंगाडे घागर ठेवून म्हणाला,
काय की बे, पाणीतला णी आहे तो,
पा मागनं येतोय.
वाद मिटेपर्यंत पाणी गेलं.
लास्या कोरड्या नळाला तेच सांगत राहिली.

परवा अंगठा ओढला नाही.
जाग आली ती त्यामुळंच.
लाईट गेलेली, पंखा उभा,
समोरच्या खात्यातले माग गप्प.
सूत फरशीवर सैल पडलेलं,
टोकाला पैंजण,
पैंजणात पाय नाही.

आधी बॅरल बघितलं.
त्यात वाकून बघताना जे झालं
ते कुणाला सांगायचं नाही.

ती दारात होती. उभी.
कशालाच न धरता, पाठमोरी,
मुठीत तेंदूचं एक पान,
समोर उन्हात नीलव्वाची शेळी.
मी हाक मारली नाही.
तिनं मागं बघितलं, मला ओळखलं,
आणि चालत आली.
मधे एकदा बसणार असं वाटलं,
बसली नाही.
तेच सहा हात,
सुताशिवाय.

संध्याकाळी श्रीलता आली,
बोटांना निळ्या कापडाचा रंग.
काय काय केलं दिवसभर?
काही नाही, भात खाल्ला.
एक पैंजण सैल झालंय, सोनाराकडं न्यायला पाहिजे.
तिनं भिंतीला टेकून हात पसरले,
रोज पसरते तसेच, अपेक्षा न ठेवता.
लास्यानं माझा गुडघा सोडला.
एक, दोन, तीन,
चौथ्याला आईच्या मांडीत धप्प.
"अय्यो! पहिल्यांदा! बघितलंत का तुम्ही?"
बघितलं, म्हणालो. आत्ताच.

लास्या आईच्या खांद्यावरनं
माझ्याकडं बघत होती, एकटक.
साक्षीदार एवढी एकच,
तिला शब्द येतो एकच,
आणि त्याची भाषा अजून ठरलेली नाही.